ज्या कोपऱ्यात कुणी बसत नसे

बस स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत बसून तिनं जन्मभर लोकांना उत्तरं दिली. गाव तिला चौकशीबाई म्हणायचं, पण ते नुसतं नोकरीवरून नव्हे. शेजाऱ्यांच्या दारात अनोळखी चप्पल दिसली की पाहुणे कुठले आणि मुक्काम किती, हे कळेपर्यंत तिला चहा गोड लागत नसे. नवरा होता तोवर म्हणायचा, "हिला स्वर्गात नेलं तरी ही दारातच विचारेल, इथून पुढची गाडी कधी?"

निवृत्त झाल्यावर घरात विचारण्यासारखं काही उरलं नाही. मग एके दिवशी सुनेनं फोनवर एक जाहिरात दाखवली. परदेशातल्या एका खेड्यात बालवाडी होती, तिथे काही महिने मदतीला माणूस हवं होतं. पगार नाही, पण राहणं-खाणं त्यांचं.

मुलगा उखडला. "घरचं झालं थोडं! आई, तिकडे जाऊन परक्यांच्या पोरांची नाकं पुसणार तू? तुला तिथली भाषा तरी येते का?"

"पोरांना तरी कुठे नीट येते?" ती म्हणाली आणि बॅग भरायला लागली.

बालवाडी म्हणजे जुन्या दूध डेअरीच्या दोन खोल्या. फळ्यांची जमीन, भिंतीला पोरांच्या उंचीवर खुंट्या, खुंटीला पिशव्या. वाचता कुणालाच येत नव्हतं, म्हणून प्रत्येक पिशवीवर चित्र: बदक, किल्ली, छत्री. शिक्षिका काटकुळी, तरुण, केसांत कायम पेन्सिल खोचलेली. दोघी तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलायच्या आणि उरलेलं हातांनी भागवायच्या. नाकं पुसणं, बुटांच्या नाड्या बांधणं, सांडलेला रंग टिपणं हे चौकशीबाईचं काम. तिथल्या भाषेतलं पहिलं वाक्य ती शिकली ते "हे काय?" तेवढ्यावर तिचं दुकान जोरात चाललं. पोरांना शिकवायला कुणीतरी मिळालं होतं. बादली, कात्री, मुंगी, ढेकर, सगळी नावं तिच्या पदरात पडली.

पण एक गोष्ट तिला खुपू लागली. खिडकीजवळच्या कोपऱ्यात चांगली जाड सतरंजी होती, उजेडही तिथेच भरपूर. तरी एकही पोर तिथे बसत नसे. चेंडू तिकडे गेला तर पोरं चवड्यांवर जाऊन तो उचलून आणायची. बाकी वर्गही कसा शांत! पोरं अशी कुजबुजायची की जणू घरात कुणी आजारी आहे.

"तिथे ऊन लागतं," शिक्षिका म्हणाली. "आणि मुलं गुणी आहेत माझी."

ढगाळ दिवशीही कोपरा रिकामाच राहिला, तेव्हा चौकशीबाईला राहवेना. पुढचे दात पडलेली एक मुलगी तिला चिकटलेली असायची. कोपऱ्याकडे बोट करून तिनं विचारलं, "हे काय?"

मुलीनं ओठांवर बोट ठेवलं आणि एकच शब्द पुटपुटली.

शब्द नवा होता. तो जिभेवर घोळवत चौकशीबाई मुक्कामी आली. ती राहायची एका शिंपीणबाईच्या घरी. तिला तो म्हणून दाखवल्यावर शिंपीणबाईनं मशीन थांबवली, तळहातावर गाल ठेवला, डोळे मिटले. झोपलाय!

कोण झोपलाय?

दुसऱ्या दिवशी ती सरळ सतरंजीवर आडवी झाली आणि कान जमिनीला लावला. पोरांनी श्वास रोखला. आधी काही नाही. मग फळ्यांखालून, अगदी माणसासारखं, घर्र... घर्र... तिनं हातानंच शिक्षिकेला बोलावलं.

शिक्षिकाही आडवी झाली, पेन्सिल केसांतून गळून पडली. उठली तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा होता. "म्हणजे हा जागा होईल म्हणून गप्प बसतात होय! आणि मी समजत होते, ही माझी शिकवण."

नळवाल्याला बोलावलं. त्यानं दोन फळ्या उचकटल्या. पोरं चौकशीबाईचा पदर धरून मागे दाटीनं उभी. खाली होता डेअरीच्या काळातला जाडजूड पाइप. टाकीच्या पाण्यात हवा अडकायची आणि पाइप घोरायचा. नळवाल्यानं चावी फिरवली. आवाज बंद झाला.

पोरं वाकून बघू लागली. दातपडकी मात्र एकदम भोकाड पसरून रडायला लागली. काय म्हणतेय, म्हणून चौकशीबाईनं शिक्षिकेकडे पाहिलं.

"विचारतेय, मेला का?"

चौकशीबाईनं जीभ चावली. कुणी सांगितलं होतं उकरायला? "उघडा हो, उघडा ती चावी!" ती मराठीतच ओरडली, आणि नळवाल्याला कळलंही. घर्र सुरू झालं. मग तिनं दातपडकीचा हात धरून चावीवर ठेवला. फिरव. बंद. फिरव. चालू. मुलीचे हुंदके थांबले. मग सगळ्यांनाच चावी हवी झाली, आणि कुणीतरी मोठ्यानं आरोळी ठोकली. जमिनीखालचं कुणी उठलं नाही, हे पाहून उरलेल्यांनीही ठोकली.

त्या दिवसापासून वर्गाचा मासळीबाजार झाला. पोरं भिंतीला, बादलीला, जेवण झाल्यावर चौकशीबाईच्या पोटालाही कान लावायची. शिक्षिका कपाळावर हात मारून म्हणाली, "तुम्ही उकरलंत, आता आवरा तुम्हीच!" पण हसत म्हणाली. कोपऱ्यासाठी रोज भांडणं, म्हणून पाळ्या लावाव्या लागल्या.

दातपडकी मात्र आपली पाळी दुसऱ्यांना देऊन टाकायची. बऱ्याच दिवसांनी एकदा ती आपणहून जाऊन सतरंजीवर बसली. चौकशीबाई शेजारी टेकली आणि विचारलंच, "आता कुठे आहे तो?"

मुलगी हातवारे करत खूप वेळ सांगत राहिली. तो उठला, त्याला भूक लागली होती, पाइपातून तो टेकडीपलीकडे गेला, एवढं चौकशीबाईला कळलं. पुढे काहीतरी भलतंच मोठं घडलं होतं. ते तिच्या शब्दांच्या पलीकडचं होतं.

संध्याकाळी तिनं मुलाला फोन लावला. "अरे, तिकीट पुढे ढकल जरा."

"का? काय झालं?"

"तेच तर कळायचंय," ती म्हणाली.