हितं बसू नगा, पावणं

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. ज्यांच्याबरोबर वीस वर्षं डोंगर तुडवले, एका ताटात जेवलो, त्या मित्रांनाही नाही. एकदोनदा अगदी जिभेवर आलं होतं — पण मी चहा मागवला आणि विषय बदलला. विषय बदलण्यात माझा हात कुणी धरणार नाही. आताही पट्ट्यापासून सुरुवात करतोय म्हणजे मुद्द्याला वळसाच घालतोय, हे मला कळतंय. पण पट्टा सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

मनगटावर बांधायचा पट्टा. त्यावर काडेपेटीएवढी डबी. रानातून जाताना अंगावर उठणारं, भाजणारं, खाजवणारं झाड जवळ आलं की डबी थरथरायची आणि लाल दिवा लागायचा. मी बनवला होता तो — दोन हजार सालानंतरच्या चार-दोन वर्षांत, शिरोली एमआयडीसीत दिवसभर कंट्रोल पॅनेल जोडून झाल्यावर घरी जो वेळ उरायचा त्यात. उपग्रहावरून जागा ओळखणारा भाग मुंबईहून मागवला, थरथरणारी मोटर जुन्या मोबाइलची काढली, आणि पट्टा आमच्या पापाच्या तिकटीच्या चौकातल्या चप्पलवाल्याकडून शिवून घेतला. त्यानं विचारलं होतं, "पायात घालायचं का हातात?"

हे वेड कुठून आलं? नव्वदच्या दशकात एकदा मी खाजकुइलीच्या वेलात सरळ घुसलो होतो. अंगाची अशी आग झाली की एका गोठ्यात जाऊन उघड्या अंगाला शेण फासून घेतलं, आणि ते बघायला अख्खी वाडी जमली. मित्र त्यानंतर कित्येक वर्षं मला 'शेणोबा' म्हणायचे. तेव्हाच ठरवलं होतं, की यावर काहीतरी करायचं.

पण पट्टा काही झाडं ओळखत नव्हता, एवढं लक्षात घ्या. त्याला फक्त जागा कळायच्या. कुठल्या जागी काय आहे हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. ते सांगितलं आनसाबाईनं.

आमच्या शेजारच्या फाउंड्रीत मिलिंद नावाचा मोल्डर होता, आनसाबाई त्याची आई. मलकापूरच्या पुढं, आंबा घाटाच्या बाजूला त्यांची वाडी. बाई पन्नाशीची, बुटकी, चालायला वाऱ्यासारखी. दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची आणि येताना ओटीत रानातली भाजी आणायची. वाडीत कुणाची शेळी काही खाऊन झिंगायला लागली, पोरांनी कुठला कंद उकरून आणला, की पहिली हाक तिलाच. तिनं पान चुरगळून वास घ्यायचा आणि सांगायचं — खा, नाहीतर टाक. तिच्या शब्दावर वाडी जेवायची.

तीन रविवार ती माझ्याबरोबर चालली. ती झाड दाखवायची, मी तिथं उभा राहून यंत्रात जागा घ्यायचो, वहीत नाव लिहायचो. शिवाय खिशात छोटा टेपरेकॉर्डर चालू असायचा, काही सुटायला नको म्हणून. पहिल्या रविवारी मी तिला तिचाच आवाज ऐकवला. पदर तोंडाला लावून ती इतकी हसली! "आगं बया, समदं ऱ्हातंय की ह्येच्यात," म्हणाली. मग परत लावायला लावलं, आणि परत.

त्याच दिवशी बिब्ब्याचं झाड आलं. बिब्बा तुम्हाला ठाऊक असेल — धोब्याच्या खुणेचा काळा डाग, आजीच्या औषधाच्या डब्यातला. पण ओल्या फांदीचा चीक अंगाला लागला की उततो. फोड येतात, तोंड सुजतं. आनसाबाई लांबच थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "हितं पावणं हायत." मी इकडंतिकडं बघायला लागलो. कोण पाहुणे? तेव्हा तिनं सांगितलं, रानात त्याचं नाव घ्यायचं नाही, पावणं म्हणायचं. मी जरा हसलो असेन. तिच्या घरात बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मिलिंदचं आयटीआयचं प्रमाणपत्र. असलं काही ती मानत असेल असं मला वाटलं नव्हतं. तिनं ते ओळखलं. "आमी देवबिव मानत न्हाय. पर ह्यो देव न्हवं. ह्यो उततोय."

आता गंमत अशी — गंमत कसली, पण हाच शब्द तोंडी आला — ती मलाही पावणंच म्हणायची. आमच्याकडं अनोळखी माणूस म्हणजे पावणं. "पावणं, दमानं या." "पावणं, पानी प्या." मी आणि बिब्बा, दोघांना एकच नाव.

सगळ्या जागा भरून झाल्यावर मी आणखी एक हौस केली. जवळ काही नसेल तेव्हा पट्ट्यावर हिरवा दिवा लागेल असं करून टाकलं. छान दिसायचा. आमच्या डोंगरमंडळाचे म्होरके देसाई सर, निवृत्त शिक्षक, त्यांनी तो बघून विचारलं, "हिरवा म्हणजे इथं काही नाही, की तुला माहीत नाही?" साधा प्रश्न होता. मी म्हणालो, सर, तुम्ही मास्तरकी सोडा आता. सगळे हसले. सरही हसले.

मग फाल्गुनात, ऊन तापायला लागल्यावर, आम्ही बारा जण पट्टे बांधून त्या वाटेनं गेलो. पुण्याची एक कंपनी पट्टा बघणार होती, त्याआधीची ही रंगीत तालीम. वाट निम्मी होईपर्यंत पट्टे असे चोख चालले की मी हवेत होतो. आग्याचं झुडूप आलं — थरथर. खाजकुइली आली — थरथर. लोक पाठ थोपटत होते. दुपारी पाण्याजवळच्या सावलीत आलो. बाराही मनगटांवर हिरवा दिवा. मीच म्हणालो, बसा निवांत, इथं काही नाही.

केतकी नावाची मुलगी होती आमच्यात, कॉलेजात शिकणारी. तिनं पानांची एक फांदी मोडली, खाली अंथरली, तिच्यावर बसून भाकरी खाल्ली, हातानं तोंडावरचा घाम पुसला. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे उघडेनात. चेहऱ्यावर, मानेवर, मांड्यांवर पाण्यानं भरलेले फोड. तिला दवाखान्यात बघून मी बाहेर आलो, तेव्हा कुणीतरी बोललं, "बिब्ब्यानंच बिब्बा घातला की रं." मला हसताही येईना.

ती बरी झाली. हे मी घाईनं सांगून टाकतोय — का? म्हणजे तुम्हाला वाटावं, चला, फार काही झालं नाही? झालं ते पुढं आहे.

सोमवारी मी कामावर गेलो नाही. दार लावून तिसऱ्या रविवारची कॅसेट लावली. पाणी वाजतं, पावलं वाजतात. मग आनसाबाईचा आवाज, हळू, पहिल्या रविवारी बिब्ब्यापाशी काढला होता तसाच — "हितं बसू नगा, पावणं." जरा थांबून पुन्हा, "पावणं, पावणं." आणि त्यावर माझा आवाज, घाईचा, तोऱ्यातला — "नाही बसत हो. चला, साडेचारची गाडी चुकेल." ती हसते. तिला वाटलं असणार, मला समजलंय. मला वाटलं होतं, ती मला हाक मारतेय.

इथवर चूकच होती. चूक कुणाचीही होते. इथं थांबलो असतो तर आज हे लिहायला बसलोच नसतो.

मी ती कॅसेट तीनदा ऐकली. मग रेडिओ लावला आणि त्याच कॅसेटवर गाणी भरली. दोन्ही बाजूंनी. कुठली गाणी होती तेही आठवत नाही. मी ऐकत नव्हतोच, फक्त लाल बटण दाबलेलं आहे ना, एवढं बघत होतो.

संध्याकाळी देसाई सरांच्या घरी केतकीचे वडील आले होते. जबाबदार कोण, एवढंच विचारत होते. पुण्याची मंडळी पंधरा दिवसांत यायची होती. मी म्हणालो, "बाईनं तिथं काही दाखवलंच नाही." एक वाक्य. मला वाटलं, विषय तिथंच मिटेल. वाडीतल्या बाईपर्यंत कोण कशाला जातंय? पण ते म्हणाले, चला, तिलाच विचारू.

गेलो. जीपनं. वाडीतल्या चावडीसमोर लोक जमले. केतकीच्या वडिलांनी आनसाबाईला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. माहिती नसताना पुढं पुढं करता, पोरीचा डोळा गेला असता — असलं. ती उभी होती, हातात खुरपं तसंच. घाबरली नव्हती, ती आठवत होती. कपाळाला आठ्या घालून ती वाट डोक्यात पुन्हा चालत होती, हे मला दिसत होतं. मग तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही हो. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"पान्यापाशी म्या सांगितलं न्हवतं व्हय, पावणं?"

आणि मी म्हणालो, "नाही, आनसाबाई. तुम्ही काहीच बोलला नाहीत. टेपवर सगळं आहे, मी पुन्हा पुन्हा ऐकलंय."

शेवटचा भाग तर खराच होता, नाही का? ऐकलं होतंच की पुन्हा पुन्हा.

मग ती मान खाली घालून म्हणाली, "टेपात न्हाय म्हंजे न्हायच की. यंत्र कशाला खोटं बोलंल? माजंच चुकलं आसंल." आणि त्या मुलीची, तिच्या बापाची, माझीसुद्धा माफी मागितली. मी ती घेतली. "असू दे, असू दे," म्हणालो — मोठ्या मनानं.

पुण्याची माणसं आली, पट्टा बघून गेली, पुढं त्यांनी फोन उचलणं बंद केलं. ज्याच्यासाठी खोटं बोललो ते झालंच नाही. झालं असतं तर लाज कमी वाटली असती का, याचा मी अधूनमधून विचार करतो. उत्तर मला आवडत नाही, म्हणून तो विचारही बदलतो.

मिलिंद शिरोलीच्या फाट्यावर भेटत राहिला, मान देऊन बोलत राहिला. त्याच्या तोंडून कळायचं. वाडीतली पोरं आईला मेथीची जुडी दाखवून विचारायची, आनसाकाकू, ह्यो धोतरा हाय काय? ती आधी हसायची. मग हसेना. पुढच्या पावसाळ्यात कुणाच्या तरी घरी कंद आला, तिला बोलावलं, तर गेली नाही. म्हणाली, मला आता त्यातलं कळत न्हाय. "आई रानात जात न्हाय आता," मिलिंद म्हणाला. "भाजी मलकापूरच्या बाजारातनंच आणतो आमी." तिचं वय झालं म्हणून, असं त्याला वाटत होतं. मी म्हणालो, होतं असं वयपरत्वे.

तिची नजर शाबूत होती. तिचं नाक शाबूत होतं. तिला फक्त कुणीतरी सांगितलं होतं, की तुझ्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस — आणि सांगणारा शिकलेला होता, त्याच्याकडं यंत्र होतं. एका वाक्यानं दुरुस्त झालं असतं. ते वाक्य म्हणायला मला शिरोलीच्या फाट्यावर किती वेळा संधी मिळाली, मोजदाद नाही. दरवेळी माझी बस यायची.

चार-पाच वर्षांनी मिलिंदनं वाडीत पक्कं घर बांधलं आणि मला जेवायला बोलावलं. गेलो. न जाणं जास्त अवघड होतं. आनसाबाई थकली होती, पण बघून खूश झाली. "पावणं आलं की आमचं," म्हणाली. जेवण झालं. ती चहा ठेवायला उठली. दारातच गवती चहाचा ठोंब होता, तिनंच लावलेला, कमरेएवढा माजलेला. मी उंबऱ्यापाशी बसलो होतो. तिनं दोन पाती तोडली, आत जाता जाता थांबली, आणि ती माझ्यासमोर धरली.

"बघा की जरा. गवती चहाच हाय न्हवं?"

मला आधी वाटलं, चेष्टा करतेय. ती चेष्टा करत नव्हती. पाती पुढं धरून ती उभी होती, माझ्या तोंडाकडं बघत. मिलिंद आत होता. ओसरीवर आम्ही दोघंच.

मी पाती हातात घेतली. वास घेतला. म्हणालो, "व्हय. तोच हाय."

तिनं मान डोलावली, आत गेली, पाती चुरगळून आधणात टाकली. मी तो चहा प्यायलो. अर्धा कप आणखी मागून घेतला, तोही प्यायलो, आणि साडेचारच्या गाडीनं परत आलो.