टर्बाइनचं जेट आणि वहिनींचा मिक्सर

आमच्या ह्यांनी टर्बाइनचं, रिमोटवर उडणारं मॉडेल जेट आणलं आणि माझ्या वाट्याला आला आग विझवायचा सिलिंडर. इंजिन सुरू करताना कुणालातरी तो घेऊन शेजारी उभं राहावं लागतं. मी विचारलं, "आणि मी उडवायचं कधी?" ह्यांचा अख्खा ग्रुप हसला. "वहिनी, हे रॉकेलवर चालतं!"

बोईसरच्या कंपनीत, लॅबमध्ये आठवडाभर मी केमिकल तपासते. मला रॉकेलचा धाक दाखवतात! तणतणत मी स्वतःसाठी बॅटरीचं जेट घेतलं.

तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्र, तिकडे विमानाचं नावही काढायचं नाही, म्हणून रविवारी आम्ही मनोरच्या पुढे जायचो. तिथे एक प्लॉटिंग रखडलंय. बंगला एकही नाही, पण सिमेंटचा रस्ता झकास. माझं जेट सुरू झालं की कुणीतरी हटकून ओरडायचं, "वहिनींचा मिक्सर लागला, चटणी घ्या!"

घ्या म्हटलं. मला एकच गोष्ट अंगवळणी पाडायची होती. बॅटरीच्या जेटला थ्रॉटल दिला की ताकद लगेच येते. टर्बाइन आधी जरा रेंगाळतं, आणि तोवर विमान खालीच येत राहतं. म्हणून मी रिमोटमध्ये माझा थ्रॉटल मुद्दाम मंद करून घेतला. विमान उतरायला आणायचं आणि टेकायच्या आधी परत वर न्यायचं, दर रविवारी हेच. हिला उतरवता येत नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. ठरवा, मेल्यांनो!

शेवटी हे कंटाळून म्हणाले, "एकदाच देतो. काही वेडंवाकडं झालं तर पुन्हा रिमोट मागायचा नाही."

टर्बाइन वर गेलं, फिरलं, सगळं झकास. उतरायला आणलं, चाकं खाली, आणि कुठल्याशा प्लॉटमधून एक म्हैस निवांतपणे रस्त्यावर आली.

"उतरव! म्हशीच्या अलीकडे बसेल!" हे ओरडले. मी थ्रॉटल पुढे केला. काहीच होईना. विमान खाली, आणखी खाली. ह्यांचा हात रिमोटवर आला.

"हात लावायचा नाही!" मी इतकी जोरात ओरडले की म्हैससुद्धा थबकली.

आणि इंजिनानं आवाज चढवला. म्हशीच्या डोक्यावरून विमान वर गेलं. तिला हाकलेपर्यंत मी एक फेरी मारली आणि मग व्यवस्थित उतरवलं.

मग हे घाम पुसत म्हणाले, "माझ्या हातात असतं ना, तर मी तेव्हाच उतरवलं असतं."

"माहीत आहे," मी म्हटलं. "म्हणूनच तर नाही दिलं."