बाळाबाईचा पालथा हात

बाळाबाईचा मला मत्सर वाटायचा, हे आधीच सांगून टाकते. नाही तर पुढचं सगळं कौतुकच वाटेल.

चौऱ्याहत्तर साल. सोलापुरातल्या एका दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात मी नर्स होते आणि ती आया. तीन वर्षं पुस्तकं घोकून पांढरी टोपी मिळवली ती मी. ती पगारावर अंगठा उठवणारी. मोडनिंबची, नवरा नाही, मूल नाही. पण कुणाला दुखलं-खुपलं की हाक जायची ती तिला. फरशी पुसता पुसता ती प्रत्येकीच्या कपाळाला पालथा हात लावायची आणि बाया शांत व्हायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा. माझ्या कपाळाला आई गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता.

अक्कलकोटकडची चन्नम्मा तीन आठवडे पडून होती. रोज दुपारी चारला ताप एकशेतीन, आणि कारण सापडेना. रक्त तपासलं, फोटो काढले. शेवटी डॉक्टरांनी गुरुवारी पोट उघडून बघायचं ठरवलं.

बुधवारी दुपारी बाळाबाईनं मला मोरीपाशी गाठलं.

"सिस्टरबाई, चन्नम्माला ताप न्हाय. चारचा चहा मागून घेती, पण पीत न्हाय. तुमी थर्मामीटर देऊन फुडं गेला की कोमट झालेल्या चहात बुडवती. रोज कप भरलेला परत येतोय की."

"डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का गं?"

"कपाळ गार लागतंय बाई. तिच्या नवऱ्यानं दुसरी केलीया. ताप असला तरच त्यो यष्टीनं बघायला येतोय. उद्या उगं पोट फाडतील तिचं."

मी तिला कामाला लावलं. पण चार वाजता चन्नम्माच्या तोंडात थर्मामीटर घालून तिथंच उभी राहिले. साडेअठ्ठ्याण्णव. मग मागचे तक्ते काढले. एकशेतीन तापात नाडी धावायला हवी. तिची रोज बहात्तर. आकडे माझ्याच अक्षरातले, आणि मलाच दिसले नव्हते.

"मला शंका आली म्हणून बघितलं," मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि ऑपरेशन रद्द केलं. बाळाबाई बादली घेऊन शेजारीच उभी होती.

शाबासकी माझी, पण चन्नम्मा रडली ती बाळाबाईच्या मांडीवर. वॉर्डात शिकलेल्या मोडक्या कानडीत बाळाबाई तिला समजावत होती. नवरा आला तेव्हा तिनं त्याला एवढंच सांगितलं, "ताप उतरलाय. पर अजून चार दिस येत ऱ्हावा." खाटेवरच्या खोटारड्या बाईचाही मला तेव्हा हेवा वाटला.

दोन महिन्यांनी मी ड्यूटीवर गेले नाही. क्वार्टरवरून निरोप धाडला, ताप आहे, बाळाबाईलाच पाठवा. ती काम आटोपून आली. माझ्या तोंडात थर्मामीटर होता, उशाशी भरलेला चहाचा कप.

तिनं थर्मामीटर बघितलाच नाही. कपाकडे बघितलं, मग माझ्या कपाळावर पालथा हात ठेवला.

"लई ताप हाय की," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली.