ती नको म्हणते तेव्हा

पालघरच्या बाजारात सातपाटीची एक मावशी मासे विकते. मी टोपलीत हात घालायच्या आधीच ती सांगते, "पापलेट नको घेऊ, बाय. कालचं हाय." तिच्यापुढे कायम गर्दी असते. ते बघून शेजारी बसणाऱ्या मासेवालीनेही तसंच बोलायला सुरुवात केली, पण तिच्याकडे कुणी फिरकत नाही.

परवा घरी पाहुणे येणार होते, म्हणून मी पापलेटाचा हट्टच धरला. मावशीने सरळ त्यावर फडकं टाकलं आणि बोंबील साफ करायला घेतले.

मी चिडून म्हटलं, "ती शेजारीणही हेच सांगते की!"

"ती सांगते, पन मागितलं की देते."

"मग तुमचं उरलेलं कोण खातं?"

मान वर न करता ती म्हणाली, "आमच्या घरी कालचंच शिजतं, बाय."