मुळांचं बोलणं ऐकणारे व्याही

आमच्या व्याह्यांइतका बोलघेवडा माणूस अख्ख्या कर्जत-खालापुरात मिळायचा नाही, आणि त्यांच्याइतका मुकाही मिळायचा नाही. मी चौथीतून शाळा सोडलेला पोशीरचा भातशेतकरी. ते कॉलेजात झाडापानांचं शिकवून निवृत्त झालेले, भिसेगावात राहणारे. घरदाराचं काही विचारा, नुसती मान हलवतील. पण मुळाचा विषय निघाला की त्यांना आवरणं देवालाही जमायचं नाही. माझ्या लेकीच्या साखरपुड्यात लोक पेढे खात होते आणि या गृहस्थांनी ताटातल्या गाजराची चकती माझ्या तोंडासमोर धरली. "हा मधला भाग बघा, व्याहीबुवा. मूळ कोवळं असतं तेव्हा इथली पेशी बाहेरच्या पेशीला निरोप धाडते. बाहेरची तो ऐकते आणि उलट निरोप धाडते. त्यावरून आतल्या पेशींचं ठरतं, कुणी पाण्याची बारीक नळी व्हायचं, कुणी जाड." मी म्हटलं, "आन् उलट निरोप नाय आला तर?" "तर बारीक होतच नाही! सगळ्या जाड!" एवढा आनंद त्यांना पोराच्या लग्नाचाही झालेला मी पाहिला नाही.

या माणसाच्या खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण भिंग आणि दाढीचं पातं असायचंच. मोहोपाड्याला एका मयतीला गेले, तर तिथंही परसात गवत उपटत बसलेले सापडले. आमच्यात लावणीला व्याह्याला बोलवायचं ते मानानं. त्यानं बांधावर बसावं, चहा प्यावा, दोन गोष्टी सांगाव्यात. यांनी पहिल्याच वर्षी बांधावरच्या रोपांच्या मुठी सोडल्या आणि पात्यानं मुळांची टोकं उडवली. नळ्यांची सगळी मांडणी म्हणे त्या टोकापाशीच ठरते. मी ओरडलो, "अवो, लावायची हायत ती!" तर म्हणतात, "लावा की. नवी मुळं फुटतील." फुटली, ती गोष्ट वेगळी. माझा राग काही गेला नाही.

गेल्या वर्षी लेक माहेरी आली ती कायमची. जावई पुण्याला निघून गेला होता, सोडचिठ्ठी हवी म्हणत होता, कारण विचारलं की फोन ठेवत होता. सासरी यावर कुणी तोंड उघडलं नाही. लावणीला व्याही आले. वाटलं, आता म्हणतील, पोराला समजावतो. दुपारपर्यंत ते चिखलात उकिडवे बसून मुळं धूत राहिले. शेवटी माझ्या बायकोनंच विचारलं, "व्याही, पोरीचं काय ठरीवलंत?"

"यंदा मुळं फार सुरेख आहेत," ते म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "मुळांचं निरोप कळतात तुमाला, आन् सख्ख्या पोराला एक शबूद बोलता येत नाय?"

त्यांनी पातं पुसून खिशात ठेवलं. "केला होता फोन. त्यानं उचलला. काय बोलावं तेच सुचेना. मग मुळांबद्दल सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं."

दिवाळीच्या आत कोर्टात सह्या झाल्या. मी ते विसरलो नाही, विसरणारही नाही. यंदा रोपं खणताना लेक हळूच म्हणाली, "आप्पा, त्यांना बोलवा की लावणीला."

"कुठल्या नात्यानं गं?"

ती खाली बघून रोपांची मूठ बांधत राहिली. मला तर अजूनही व्याही म्हटल्याशिवाय त्या माणसाला हाकच मारता येत नाही.