नाव न घेण्याची अट

उमेदीची सगळी वर्षं मी एका कंपनीचा वित्तप्रमुख म्हणून ‘नाही’ म्हणण्यात घालवली. खर्च कापायचा म्हटलं की नाटक-गाण्याच्या देणग्यांवर माझी पहिली काट पडायची. ती बोच घेऊनच पन्नाशीनंतर कोल्हापुरात परतलो आणि लोककलांना मदत करणारा एक छोटा न्यास काढला. लोक मला निगर्वी म्हणतात. मी मुळात कमी बोलतो, त्यामुळे हा समज खोडायचा राहून गेला. आता खोडतो.

गडमुडशिंगीच्या पलीकडे एका गावात सोंगी भजनाचं जुनं मंडळ आहे. भजन चालू असताना गावातलीच माणसं राजा, राणी, राक्षस होऊन मधे येतात. त्यांना मी नवे पोशाख, मुकुट, तलवारी आणि स्पीकर दिले. अट एकच, माझं नाव कुठंही घ्यायचं नाही. मंडळाच्या म्हाताऱ्या बुवांनी छातीवर हात ठेवला. “शब्द म्हंजे शब्द, सायब.” मी समाधानानं मान हलवली. मनात मात्र खात्री होती, की ऐन वेळी त्यांना राहवणार नाही.

यात्रेचा खेळ होता. हल्ली दहाला स्पीकर बंद करावा लागतो, म्हणून दिवस मावळतानाच सुरू झाला. मी बायकोला घेऊन पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीच्या कुर्त्यात.

तिथली पद्धत अशी, की बक्षीस आलं की खेळ थांबतो. राक्षसानं राणीवर तलवार उगारलेली असते, तेवढ्यात निवेदक माईक ओढून घेतो, देणाऱ्याचं नाव बापाच्या नावासकट पुकारतो, पेटीवाला दोन सूर वाजवतो आणि देणारा उठून हात जोडतो. तोवर राक्षस तलवार उगारून तसाच उभा. त्या संध्याकाळी त्याचा हात खांद्यातून निखळायचाच बाकी होता. दूधसंस्थेच्या चेअरमनचं नाव झालं. वडापाववाल्याचं झालं. राणीच्या लुगड्याच्या टाचण्या इचलकरंजीच्या एका जावयानं आणल्या होत्या. त्याचं तर दोनदा झालं, कारण पहिल्या वेळी तो पान खायला बाहेर गेला होता.

दर वेळी निवेदकानं माईक ओढला की मी कुर्ता सारखा करायचो. ‘अहो, कशाला उगाच’ असा चेहरा तयार ठेवला होता. ठेवून ठेवून गाल दुखायला लागले. राक्षसाच्या अंगात माझा जरीचा अंगरखा, डोक्यावर माझा मुकुट, गर्जना माझ्या स्पीकरमधून, आणि टाळ्या टाचण्यांना.

एवढं लागतंय तर अट कशाला घातलीत, असं बायकोनं हळूच विचारलं. मला कुठं काय लागतंय, असं मी म्हणालो. ती उठून गेली.

ती परत येऊन बसली न बसली तोच निवेदकानं माईक ओढला आणि माझं नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट. पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. ताडकन उठलो, मान झुकवली, चारी बाजूंना वळून हात जोडू लागलो. पाठमोरा असताना कानावर आलं, “यांच्याकडून सर्व कलाकारांना एकेक कप चहा.”

पेटी वाजली. माझे हात जोडलेलेच. एवढ्यासाठी एवढा उठलेला माणूस खाली कसा बसतो, ते मला सुचेना. शेवटी राक्षसानंच तलवार खाली घेतली.

“बसा की आता, पावणं. च्या पिऊन मारतो हिला.”

सगळी यात्रा हसली. राणीही हसली.

खेळ संपल्यावर बुवा घाबरेघुबरे होऊन आले. मंडळानं शब्द मोडला असं समजून मी मदत बंद करीन, अशी त्यांना धास्ती. “च्याचं नाव बाईंनी सांगितलं, सायब. कापडाचं आमच्या तोंडातनं गेल्यालं न्हाय.” मग अडखळत म्हणाले, पुढच्या यात्रेआधी रंगमंचावर पत्रे घालायचे आहेत. तेही तसंच, नाव न घेता घालाल का?

बायको माझ्याकडे बघत होती.

“तसंच,” मी म्हणालो. आणि मग, एकदाचं जे खरं होतं तेही बोललो. “पण चहा दर वर्षी माझ्याकडनं.”

बुवांनी गंभीरपणे मान डोलावली.

“दोनदा पुकारू का?”