डोळे मिटा, डोळे उघडा

तिची आई तिला घेऊन आमच्या केंद्रात आली, तो प्रवेशाचा शेवटचा दिवस होता आणि एकच जागा उरली होती. आमचं केंद्र रत्नागिरीत, एस.टी. स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर, एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. सरकारी योजनेतून तिथे तीन महिन्यांचा ऑफिस असिस्टंटचा कोर्स चालतो. टायपिंग, पत्रं, तक्ते, फोनवर कसं बोलायचं, असं सगळं. शिकवायला मी एकटी आणि माझ्या वर एक संचालक.

"म्याडम, पूर्णगडासनं आलो," आई म्हणाली. खुर्चीवर बसायला तयार नव्हती. "पोर बारावी झालीय. हुशार हाय. डोळं तेवढं नाय."

मुलगी एकवीस-बावीसची असेल. पापण्या मिटलेल्या आणि आत ओढल्यासारख्या. दोन वर्षांची असताना डोळ्यांत गाठी झाल्या आणि मुंबईला नेऊन दोन्ही डोळे काढावे लागले, हे आईने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. वडील मच्छीमार बोटीवर खलाशी, आई पावसच्या नाक्यावर मासे विकते. मुलगी अंधशाळेत राहून शिकली होती आणि आता दोन-तीन वर्षं घरी बसून होती.

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा 'नाही'च आलं. माउस कसा धरेल, पडद्यावरचं कसं वाचेल. नाही कसं म्हणावं याची वाक्यं मी मनात जुळवत होते, तेवढ्यात तिनेच विचारलं, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर आहे?"

"ते काय असतं?"

"पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम. फुकट मिळतो. मी टाकून देऊ?"

तिने तो तिथल्या तिथे टाकून दाखवला. सुरुवातीला कुठे काय आलंय ते मी तिला वाचून सांगितलं, मग स्पीकरमधून इतक्या भराभर बोलणं सुरू झालं की मला त्यातला एक शब्द कळेना.

"हे तुला समजतं?"

"हो. तुमच्यासाठी हळू करू का?"

मी फॉर्म भरून घेतला. जिना उतरताना आई थांबली. "होईल ना म्याडम हिचं?"

"होईल की," मी म्हटलं. किती सहज म्हटलं मी ते.

पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मला शिकवता येत नाही. इतकी वर्षं मी वर्गात 'हे बघा', 'इथे क्लिक करा', 'तो निळा चौकोन दिसतोय ना' असंच बोलत आले होते. ती शांतपणे हात वर करायची. "इथे म्हणजे कुठे, मॅडम?" वर्गात खसखस पिकायची. मी आतून चिडायची, तिच्यावर की स्वतःवर कोण जाणे. घरी गेल्यावर माउस कपाटात टाकून नुसत्या की-बोर्डवर सगळं करून बघायला लागले. नवरा म्हणायचा, "परीक्षा तुझी आहे की पोरींची?"

दुसरी अडचण धड्यांची. योजनेकडून आलेले धडे सगळे चित्रांतून बनवलेले होते. तिचा प्रोग्राम त्यांच्यावर पोचला की 'इमेज, इमेज, इमेज' एवढंच म्हणत राहायचा. मग रविवारी बसून मी एकेक धडा साध्या मजकुरात टाइप करायला घेतला. चित्रात काय आहे ते वाक्यात लिहायचं. माझ्या शेजारी बसून लांज्याकडची एक शेतकरी घरातली सून तपासायची. तीही त्याच बॅचमध्ये होती, आणि वर्गात तिची जागा या मुलीच्या शेजारीच असायची. गंमत म्हणजे ते साधे धडे बाकीच्या पोरींनाही आवडले. त्यांच्या मोबाइलवर चित्रांचे धडे उघडायचेच नाहीत.

महिन्याभरात ती वर्गातली सगळ्यात जलद टाइप करणारी मुलगी झाली. पहिला आठवडा आई सोबत आली होती. तेवढे दिवस तिचा नाक्यावरचा धंदा बुडाला. मग मुलगी एकटी एस.टी.ने यायला लागली. फोनवर बोलायचा सराव घेतला तेव्हा तिने तक्रारीचा फोन करणाऱ्या चिडलेल्या गिऱ्हाइकाला असं काही शांत केलं, की गिऱ्हाईक झालेली लांज्याची सून हसत म्हणाली, "मॅडम, मी तक्रारच विसरले." एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनला टेलिफोनवर बसायला मुलगी हवी होती. त्यांच्याशी मी बोलून ठेवलं. ते म्हणाले, सर्टिफिकेट घेऊन पाठवा, बघू.

मध्ये वरून तपासणीला एक साहेब आले. संचालकांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं. साहेब तिच्यामागे उभे राहिले, फोटो निघाला, "फार प्रेरणादायी" असं म्हणून ते चहाला गेले. तिने मला विचारलं, "माझं टायपिंग बघितलं का त्यांनी?" नव्हतं बघितलं.

दुसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला हजेरीचं ॲप बदललं. तोवर मी रोज सकाळी प्रत्येकीचा मोबाइलवर फोटो काढायची आणि हजेरी लागायची. नव्या ॲपमध्ये फोटो पुरत नव्हता. समोरचा माणूस जिवंत आहे, फोटोचा फोटो नाही, याची ते खात्री करून घ्यायचं. पडद्यावर गोल यायचा, त्यात चेहरा धरायचा आणि खालची सूचना पाळायची. डोळे उघडा. डोळे मिटा. डोळे उघडा.

तिची पाळी आली तेव्हा मी सूचना मोठ्याने वाचायला लागले आणि पहिल्याच शब्दावर थांबले.

"काय म्हणतंय?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"मग कसं करायचं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात काही नव्हतं, नुसती चौकशी होती. मला वाटलं, थोडं इकडेतिकडे करून होईल. खिडकीपाशी नेलं, दिवे लावले. ती पापण्या हलवायचा प्रयत्न करत होती. आत डोळेच नाहीत तर पापण्या हलणार किती? गोल लाल व्हायचा. शेवटी तिने स्वतःच दोन बोटांनी पापणी वर उचलून धरली. तिचं ते रूप बघवेना. मी मोबाइल खाली घेतला आणि म्हटलं, "राहू दे."

"लागली?"

"नाही."

त्या दिवशी ती गैरहजर लागली. दिवसभर वर्गात बसून.

मदतीसाठी एक फोन नंबर होता. तिथल्या मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, चेहरा उजेडात घ्या."

"तिला डोळे नाहीत."

"चष्मा असेल तर काढायला सांगा."

"अहो, डोळेच नाहीत तिला."

तो काहीतरी टाइप करायला लागला. मग म्हणाला, "तुमची तक्रार नोंदवून घेतो." नंतर फोन केला की दर वेळी नवीन माणूस आणि मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागायचं. तिला डोळे नाहीत, हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्या वेळा उच्चारलं, आणि बरेचदा ती शेजारच्या खोलीत टाइप करत बसलेली असायची.

मी अर्ज घेऊन योजनेच्या जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब चांगले होते. बसवलं, पाणी दिलं, अर्ज पूर्ण वाचला. अपंगत्वाचा दाखला जोडलेला होता, तोही वाचला.

"तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हजेरी मला हाताने लावता येत नाही. मलाही नाही आणि माझ्या साहेबांनाही नाही. ते सगळं सिस्टीममध्ये आहे."

"मग सिस्टीम कोणाकडे आहे?"

त्यांनी हात वर केला, छताच्या दिशेने. अर्ज पुढे पाठवतो म्हणाले. पाठवला असणार. भांडायला समोर कोणी वाईट माणूस तरी हवा होता. तोही नव्हता.

लांज्याच्या सुनेने एक युक्ती काढली. म्हणाली, "मॅडम, तिचा चेहरा आणि माझे डोळे असं काही करता येत नाही का?" आम्ही तिघी हसलो. सगळ्यात आधी ती मुलगीच हसली. खरं सांगते, त्या रात्री मी त्याचाही विचार केला. पण मला तसलं काही येत नव्हतं, आणि आलं असतं तर नोकरी गेली असती.

संचालकांनी एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिला सांगून टाका. उगाच येते रोज तासतासभर बसमधून. ठरलेली हजेरी भरणार नाही, म्हणजे परीक्षा नाही."

मी सांगितलं. दुपारच्या सुट्टीत, डबा खाताना. ती भाताचा घास हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे मी आले काय आणि नाही काय, सारखंच?"

"ॲपच्या दृष्टीने."

"उद्या मेल मर्ज शिकवणार होतात ना तुम्ही?"

"हो."

"मग येते."

ती शेवटच्या दिवसापर्यंत आली. हॉस्पिटलवाल्यांना मी पुन्हा फोन केला. सर्टिफिकेटशिवाय घ्याल का, मी जबाबदारी घेते, म्हटलं. ते म्हणाले, तुमच्याच बॅचमधली दुसरी कोणी द्या. त्या जागेवर लांज्याची सून गेली. तिने मला दोनदा विचारलं, "मी जाऊ ना मॅडम? तिला वाईट वाटेल." मी जा म्हटलं. घरात गरज होती तिला.

परीक्षा झाल्यावर दोन दिवसांनी मी मुलीला बोलावून घेतलं. तोच पेपर होता. मी प्रश्न साध्या मजकुरात उतरवून काढले होते. रिकाम्या वर्गात ती एकटी बसली आणि मी घड्याळ लावून. वेळेच्या आधी संपवला. तपासल्यावर कळलं, बॅचमधल्या पहिल्या तिघींत ती आली असती.

"पास?" तिने विचारलं.

"पास."

"मग तसं लिहून द्या ना."

मी केंद्राच्या लेटरहेडवर लिहिलं आणि सहीशिक्क्यासाठी संचालकांकडे नेलं. त्यांनी वाचलं आणि परत केलं. "उद्या कोणी विचारलं, परीक्षेला न बसलेल्या मुलीला पत्र कसं दिलंत, तर मी काय सांगू?" त्यांचंही काही चुकत नव्हतं. मी साध्या कागदावर, माझ्या नावाने, माझ्या सहीने लिहून दिलं. तिने कागदावरून सगळीकडे बोटं फिरवली. शिक्का शोधत असावी. घडी घालून पर्समध्ये ठेवला.

खाली आई थांबली होती. त्या दिवशी मुद्दाम आली होती, हातात पिशवी, माझ्यासाठी सुरमई. मला ती घ्यायची नव्हती, पण नको म्हणण्याइतकंही बळ नव्हतं.

"तुमी लय केलंत म्याडम," ती म्हणाली.

मी काय केलं होतं?

पुढच्या वर्षी ॲप पुन्हा बदललं. एका कोपऱ्यात नवीन खूण आली: दृष्टिहीन प्रशिक्षणार्थींसाठी डोळ्यांच्या पडताळणीतून सूट. कोणाच्या अर्जामुळे आली कळलं नाही. तो अर्ज माझा नक्कीच नसेल. नवी बॅच भरत होती, मी घाईघाईने पूर्णगडच्या त्या मुलीच्या ओळखपत्राचा क्रमांक टाकला. लाल अक्षरांत उत्तर आलं. या व्यक्तीने या कोर्सचा लाभ आधीच घेतला आहे. पुन्हा नोंदणी करता येणार नाही.

तीनदा टाकून बघितलं. मग तिला फोन लावला. ती पावसच्या नाक्यावर आईजवळ होती. हल्ली हॉटेलांच्या आणि घरच्या गिऱ्हाइकांच्या माशांच्या ऑर्डरी फोनवर तीच घ्यायची. मागे आईचा आवाज येत होता, कुणाशी तरी बांगड्यावरून घासाघीस चाललेली.

मी तिला सगळं सांगितलं. सूट आली आणि तिच्यासाठी नाही, ते.

"म्हणजे त्यांच्या मते माझं शिकून झालंय?"

"तसंच दिसतंय तिथे."

"मग सर्टिफिकेट?"

"ते नाही. परीक्षा दिलेली नाही ना."

ती हसली. कडवट नव्हतं ते हसणं, खरोखर हसू आलं होतं तिला. मी पुन्हा अर्ज करते म्हटलं. ती बरं म्हणाली.

"ठेवू का मॅडम?" ती म्हणाली. "दुसरा फोन येतोय."

मी ठेव म्हटलं.